रविवारी चारची शांतता

आमच्या कॉलनीला मानपत्र मिळवायचं ठरलं आहे, हे मला भाजीवाल्या मावशींकडून कळलं. सोसायटीच्या सभांना मी जात नाही. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली की माइकवरच्या भाषणाला टाळ्या वाजवायची सवय राहत नाही.

"तुमच्या पोराच्या नावानं कसलातरी कागद येनार हाय म्हनं," मावशी म्हणाल्या. त्या मूळच्या पेठ तालुक्याकडच्या. "लय मोठा. काचेत घालून."

"पोराच्या नावानं नाही मावशी, कॉलनीच्या नावानं."

"मंग पोराला काय?"

"पोराला काही नाही."

"नाय तर नाय. मेथी घ्या, सकाळची हाय."

एका सरकारी कार्यालयाने जाहीर केलं होतं, की सैनिकांच्या कुटुंबांना आधार देणाऱ्या वसाहतीला 'सैनिक-स्नेही वसाहत' असं मानपत्र मिळेल. आमच्या कॉलनीत अशी चार घरं. त्यातलं एक आमचं, मुलगा सैन्यात आहे. वीज खात्यातून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष कामाला लागले. माणूस मनाने सरळ, पण फीत कापल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटत नाही.

खोटं कशाला बोलू, कामं होत होती. एका जवानाच्या दोन मुलींची शिकवणी कॉलनीतल्या बाई फुकट घेऊ लागल्या. एका जवानाच्या आईला मोतीबिंदूसाठी दवाखान्यात नेलं, आणलं, चार दिवस डबा दिला. फक्त प्रत्येक कामाचा फोटो लागायचा. त्या आजींच्या फोटोत आजींच्या डोळ्यावर पट्टी आहे आणि भोवती सहा स्वयंसेवक कॅमेऱ्याकडे बघून हसत आहेत. आजी भलतीकडेच बघताहेत.

मग अध्यक्ष अर्ज घेऊन आमच्याकडे आले.

"वहिनी, तुमची निकड सांगा."

"काही नाही हो. सगळं आहे," बायको म्हणाली.

"असं कसं? रकाना रिकामा राहतो."

तिने त्या रकान्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रविवारी चार वाजता त्याचा फोन येतो. दहाच मिनिटं. तेव्हाच खाली पाण्याचा पंप चालू असतो, पोरांचं क्रिकेट असतं, भाजीचा भोंगा असतो. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. दहातली पाच मिनिटं 'काय? काय म्हणालास?' यातच जातात. आता फक्त पुढचा रविवार राहिलाय. त्यानंतर तो वरच्या चौकीवर जाणार, बर्फ वितळेपर्यंत फोन नाही. तेवढ्या दिवशी पंधरा मिनिटं शांत राहिलात तर..."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे फोनचं माहीत होतं. ती एका कानात बोट घालून, गॅलरीत वाकून बोलते हेही बघत होतो. त्यात मागण्यासारखं काही आहे हे मला सुचलं नव्हतं.

अध्यक्षांचे डोळे चमकले. "हा उपक्रम होऊ शकतो!"

दोन दिवसांनी बायको बहिणीकडे मनमाडला गेली आणि त्याच दुपारी अध्यक्षांनी फलकाचा मजकूर मला मोबाइलवर पाठवला. 'सर, शुद्धलेखन बघा.' मजकूर होता : 'आपल्या वीर जवानासाठी रविवारी दूपारी ४ वाजता सर्वांनी शांतता पाळावी.' मी 'दूपारी'तला दू ऱ्हस्व केला. 'वीर' काढून टाकलं तर बरं, असं लिहिलं. आमच्या मुलाला ते आवडलं नसतं. बाकी ठीक, असं कळवून मी झोपलो.

शनिवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. बायको दारात उभी. पिशवी तिच्या हातात नव्हती, ती खाली रिक्षातच राहिली होती.

"खरं सांगा," ती म्हणाली.

मला वाटलं, तिने करून ठेवलेल्या भाकरी मी खाल्ल्या की नाही, हे विचारते आहे. "दोन उरल्या," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी चप्पलही न घालता जिना उतरलो. फाटकावर फलक लागला होता. वर मधोमध आमच्या मुलाचा गणवेशातला फोटो, चारी बाजूंनी झेंडूच्या माळेची छापील चौकट, आणि खाली तो मजकूर. दुपारीतला दु ऱ्हस्व. रिक्षावाला पिशवी घेऊन उभा होता. "काका, वाईट वाटलं," तो म्हणाला. "काकूंनाच मी विचारलं, कधी झालं म्हणून. मला काय माहीत, घरचेच आहेत."

शांतता राखायची असते ती वाचणाऱ्यासाठी, झोपलेल्यासाठी. पाळायची असते ती गेलेल्यासाठी. हा फरक मराठी बोलणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. मला तो जागेपणी, चष्मा लावून दिसला नव्हता. मी वेलांट्या-उकार बघत होतो.

फलक मीच सोडवला. वर गेलो, तिला सगळं सांगितलं. अध्यक्षही आले, हात जोडून म्हणाले, "वहिनी, शब्द चुकला."

"तुम्ही वाचला होतात?" तिने मला विचारलं. अध्यक्षांना नाही.

"हो."

ती म्हणाली, "चूक आहे हे कळतंय मला. पण आता तो बोलेपर्यंत नाही." काय नाही, ते तिने सांगितलं नाही. मुलाला आपण फोन करायची सोय नव्हती. त्याची पाळी रविवारी चारची. रात्री तिने ताट वाढून घेतलं आणि झाकून ठेवलं.

रविवारी साडेतीनलाच पंप बंद झाला. पोरांनी स्टंप उचलले. मावशींनी भोंग्याची वायर काढून कमरेला गुंडाळली. चार वाजता कॉलनीतले चाळीसएक लोक खाली पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले, कुणीही सांगितलं नव्हतं तरी. कुकरची एक शिट्टी झाली आणि तीही कुणीतरी मध्येच दाबली. मी गॅलरीतून बघत होतो. फोन तिच्या मांडीवर होता.

नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली. मानपत्राची पाहणी करणारे साहेब तीनला येणार होते, म्हणजे चारला आले. अध्यक्षांनी त्यांच्यासाठी शाल, नारळ आणि तीन पानांचं भाषण आणलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब उतरले, आजूबाजूला बघून म्हणाले, "नमस्कार! अध्यक्ष कोण?"

अध्यक्ष जागचे हलले नाहीत. त्यांनी साहेबांकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. नारळ त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

चार वाजून सहा मिनिटं झाली. आठ. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

मग फोन वाजला. तिने तो उजव्या कानाला लावला, मला जवळ ओढलं.

"आई?"

तिने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"आई, ऐकू येतंय का? एवढं शांत का आहे तिकडे?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "कॉलनीत कोणी गेलं का?"

आदल्या रात्रीपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज फुटला, तो हसण्याचा होता की कशाचा, मला सांगता येणार नाही. "नाही रे," ती म्हणाली. "सगळे आहेत. तुझं नीट ऐकू यावं म्हणून गप्प बसलेत."

"माझं काय ऐकायचंय? इथे नुसता वारा." मग तो म्हणाला, "पंप कुठे गेला? मावशींचा भोंगा? मी मुद्दाम चारची पाळी घेतो, आई. दोनची मिळते, तेव्हा तिकडे सगळे झोपलेले असतात."

दर रविवारी ती ज्या आवाजांना कानात बोट घालून बाहेर ठेवत होती, ते तो ऐकत होता. तिने फोन कानापासून काढला आणि गॅलरीच्या कठड्याबाहेर धरला. मी खाली वाकून ओरडलो, "अध्यक्षसाहेब, आवाज करा!"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत राहिली. आवाज करा म्हटल्यावर नेमका कसला करायचा, हे कुणालाच सुचेना. शेवटी मावशींनी भोंग्याशिवायच तोंड उघडलं, "मेथीऽऽ, ताजी मेथी! दादा, खाशील का मेथी?" मग पोरांनी चेंडू पत्र्यावर आपटला. कुणीतरी पंप लावला. अध्यक्षांनी खिशातून भाषण काढलं आणि ते वर तोंड करून, गॅलरीकडे बघत, पूर्ण ताकदीने वाचू लागले. त्यात 'वीर' हा शब्द दोनदा आला. या वेळी मी तो काढायला सांगितला नाही.

दहा मिनिटं संपली तेव्हा ती फोन बाहेरच धरून उभी होती. तो शेवटी काय म्हणाला, ते आम्हाला ऐकू आलं नाही.

मानपत्र दुसऱ्या वसाहतीला मिळालं. आमच्या अहवालावर शेरा होता : 'उपक्रमाचे स्वरूप अस्पष्ट.' अध्यक्षांनी तो मला वाचायला दिला आणि विचारलं, "सर, यात शुद्धलेखनाची चूक आहे का?" मी दोनदा वाचलं. नव्हती.

आता थंडी आहे. देवळालीच्या बाजूने तोफांचा सराव चालू झाला की आमच्या खिडकीची काच थरथरते. लहानपणी मुलगा त्या काचेला बोट लावून उभा राहायचा. परवा तिला तसंच उभं राहिलेलं पाहिलं आणि मी स्वयंपाकघरात गेलो.

रविवारी चार वाजता ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते. फोन कठड्यावर ठेवते, तोंड बाहेर करून. वाजणार नाही हे तिला ठाऊक आहे. परवा मावशींनी तिला पाहून भोंगा बारीक केला. ती उठली आणि वाकून म्हणाली, "अहो मावशी, मोठा करा. बारीक कशाला केलात?"