पान्हा सुकवायची फुलं

आमची मुलगी न्यूमोनियानं गेली, पण माझं दूध यायचं थांबलं नाही. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे यामागचं कारण मला पाठ होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, तिच्या प्रोलॅक्टिननं दूध तयार होतं. एरवी मेंदू त्यावर ब्रेक लावून बसलेला असतो. बाळ ओढायला लागलं की ब्रेक सुटतो, ओढणारं कुणी नसलं की पुन्हा लागतो आणि दूध आटतं. वर्गात फळ्यावर बाण काढून मी हे किती उत्साहानं शिकवायचे!

सासूबाई मालवणकडच्या. रोज संध्याकाळी त्या बोरिवली स्टेशनाबाहेरून मोगऱ्याची फुलं आणायच्या आणि फडक्यात पसरून माझ्या छातीवर बांधायच्या. मोगऱ्यानं दूध सुकतं, असं त्यांच्या गावच्या बायका मानत.

"सुकाक व्हया गो," त्या म्हणायच्या. "नायतर गाठ होतली, ताप येतलो."

मला ते सुकायला नको होतं, पण हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार? झबली, दुपटी, सगळं नवऱ्यानं कुणाला तरी देऊन टाकलं होतं. लेकीचं म्हणून माझ्यापाशी हे दूधच काय ते उरलं होतं. मी मोरीत जाऊन फडकं सोडायचे आणि हातानं दूध काढायचे. पियुषिकेला हात काय, ओठ काय, फारसा फरक कळत नाही. बाळ आहे, पितंय, अशी थाप मी तिला रोज मारत होते. एवढ्या शिक्षणाचा शेवटी हा उपयोग!

शेजारणीला त्याच सुमारास मुलगा झाला होता. गरोदरपणात आम्ही दोघींनी एकमेकींची डोहाळ्यांवरून थट्टा केली होती. एका सकाळी तो रडायला लागला आणि माझं ब्लाउज भिजलं. नुसतं रडणं ऐकूनही पियुषिकेतून ऑक्सिटोसिन सुटतं, पान्हा येतो. पाय आपोआप तिच्या दाराशी गेले. ती त्याला पाजत होती. माझ्या ब्लाउजकडे नजर जाताच तिनं पदर ओढून त्याला झाकलं.

"झोपतोय गं तो आता," ती उठत म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

मूल गेलेल्या बाईची नजर लागते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भयंकर राग आला तिचा. तिच्या जागी मीही दार लावलं असतं, याचा त्याहून जास्त आला.

घरात येऊन मी म्हटलं, "आई, आज फुलं जरा जास्त आणाल?"

सासूबाईंनी माझ्या भिजलेल्या ब्लाउजकडे पाहिलं. मोरीतलं त्यांना सगळं ठाऊक असावं.

"हाडतंय," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी फडक्याची गाठ त्यांनी नेहमीपेक्षा घट्ट मारली.

त्यानंतर मी फडकं सोडलं नाही. छाती दगडासारखी झाली, दुखली, मग हळूहळू मऊ पडली. एका दुपारी भिंतीपलीकडून तो मुलगा पुन्हा रडला. मी छातीवर हात ठेवून वाट पाहत बसले. तो बराच वेळ रडला, ब्लाउज कोरडंच राहिलं.

म्हणजे शेवटी त्या वाटाण्यालाही कळलं होतं. त्याला कळेपर्यंत माझी मुलगी कुठेतरी होती.