बॉडी अर्थ

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मिरजगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली. जिभेला हाड नाही. गोरक्षबद्दल लिहायचं तर हे लपवून चालणार नाही.

गोरक्ष माझा विद्यार्थी. नववीत दोनदा बसला, मग शाळा सोडून हायवेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. ट्रॅक्टरचा हेडलाइट गेला, टेम्पोचा हॉर्न बसला, की गोरक्ष. त्याची सगळी अक्कल बोटांत. दिव्याला एक वायर द्यायची आणि दुसरं टोक सरळ गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावून टाकायचं. याला तो ‘बॉडी अर्थ’ म्हणायचा. तीस वर्षं डोळे मिटून हेच केलं त्यानं.

पण कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या आणि लोक त्याला हात लावू देईनात. सहादेवनं नवा टेम्पो घेतला, त्याचा साधा मागचा दिवा बंद पडला, तर पठ्ठ्यानं गाडी थेट नगरला नेली. सहादेव म्हणजे गोरक्षचा सख्खा मेहुणा! ते त्याला फार लागलं.

त्याच सुमारास तो माझ्याकडे आला. माझ्याकडे खेळातली आगगाडी आहे. हसा खुशाल. आमची रुचा जर्मनीत असते, तिनं आणलेली. हिच्या रुळांतून वीज जाते, तसे हुकूमही जातात. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप असते, ती हुकूम ओळखून इंजिन पळवते, दिवे लावते. पुढचा दिवा गेला होता आणि नवा बसवायचा तर दिव्यांची वायरिंगच बदलायला हवी होती.

“सर, मला द्या,” गोरक्ष म्हणाला. “ह्यो दिवा माज्या हातानं लागला, तर नव्या गाड्या दुरुस्तीला घ्यायची हिंमत करीन. न्हाईतर हे काम सोडलं म्हनून समजा.”

मला भरून आलं. देऊन टाकलं इंजिन.

सलग तीन दुपारी तो माझ्या टेबलाशी बसला. माहितीपत्रक मी मराठीत सांगायचो, तो वहीत उतरवायचा. पांढरी वायर पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्याची. निळी सगळ्या दिव्यांची सामाईक, तिला सांगाड्याचा स्पर्शही होता कामा नये. “व्हय सर, कळलं,” असं दहादा म्हणाला. नववीत एवढं लक्ष दिलं असतंस तर कलेक्टर झाला असतास, म्हणून मी चिडवलंही. लाजून हसला बिचारा.

तिसऱ्या दिवशी त्यानं दिवा पांढऱ्या आणि निळ्या वायरीला बरोबर जोडला. काम संपलं होतं हो! पण बोलता बोलता, सवयीच्या हातानं, त्यानं त्या निळ्या वायरीवरून एक बारीक तार काढली आणि सांगाड्याला सोल्डर केली. मी समोर बसून गप्पा हाणत होतो, माझंही लक्ष नव्हतं. इंजिन रुळावर ठेवलं, बटण दाबलं. दिवा लागला नाही. करपल्याचा वास आला. चिप गेली.

इंजिन उलटं केल्यावर ती तार दिसली आणि माझं डोकं फिरलं.

“ढ तो ढच! शाळेत ढ, आताही ढ! ट्रॅक्टर वाटला का रे हा तुला?”

“अहो, काय बोलताय हे!” म्हणत विजया, माझी बायको, आतून धावत आली.

“हातच गेला, सर,” गोरक्ष एवढंच म्हणाला. आवरून निघून गेला.

रुचा फोनवर म्हणाली, “बाबा, दुसरी चिप पाठवते, त्यात काय एवढं?” खरंच काय एवढं? पण गोरक्षकडे जाऊन हे सांगायला माझा ताठा आडवा आला. माझी मलाच लाज वाटते.

दोन महिन्यांनी माझ्या जुन्या स्कूटरचा हॉर्न बसला. बरं निमित्त मिळालं म्हणून गेलो. गोरक्ष दुकानात पंक्चर काढत होता. वायरीची भेंडोळी दिसली नाहीत.

“मी चुकलो रे त्या दिवशी,” मी म्हणालो. “जरा हॉर्न बघतोस का?”

त्यानं स्कूटरकडे पाहिलं. “सर, नगरला न्या.”

“अरे, वीस वर्षं तूच बघतोयस ही! हिच्यात कुठला आलाय कॉम्प्युटर?”

“ठाव हाय, सर. पन आता माजाच माज्या हातावर भरवसा न्हाई.”

असं म्हणून तो उठला, आणि स्कूटरचं तोंड स्वतःच नगरच्या रस्त्याला वळवून दिलं.