तू म्हणशील तसं
पिकल्या पेरूचा वास आला की वरकुट्याच्या मळ्यातली ती दुपार आठवते. ओसरीवर बसून मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, कर्नलमधलं, अक्षरं मोजणारं फंक्शन दोन कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमवर, तपासत होते. एकावर नीट चाललं, दुसऱ्यावर मशीनच अडकलं. त्या शहाण्या कंपायलरनं माझा लूप ओळखला आणि मोजायचं काम तयार फंक्शनवर ढकललं. ते तयार फंक्शन म्हणजे मी लिहिलेलं हेच, त्यामुळं ते स्वतःलाच विचारत बसलं. वडिलांना, आबांना, हे सांगितलं तर हातातला पेरू पुसत ते म्हणाले, “आपल्यासारखंच हाय की. बाग ठेवायची का विकायची, तर मी म्हणतो तू म्हणशील तसं, तू म्हणतीस तुमी म्हणाल तसं.” कंपायलरची ती सवय मी बंद केली, आमची राहिली. आबा गेल्यावर बाग ठेवायचं मी एका दमात ठरवलं. ‘तू म्हणशील तसं’ म्हणायला कुणी नव्हतं.