मेंदीला न चालणारे हात

नातीच्या लग्नासाठी कुंपणावरच्या मेंदीचा पाला आम्ही दोघांनी मिळून तोडला. बायकोबरोबर केलेलं ते शेवटचं काम. चार दिवसांनी ती गेली.

परवा तोच वाळलेला पाला तिच्या विधवा बहिणीनं, इंदूनं, पाट्यावर वाटला. मग तिनं नवरीचा हात हातात घेतला, तशी सून म्हणाली, “मावशी, तुम्ही नका लावू. आबा, तुम्ही या पुढं. पहिलं बोट तुमचं.”

“का गं? बायको मेली तरी मी सवाष्णच का?”

सगळे हसले. मला शिसारी आली. तिनं वाटलेलं चालतं, ती चालत नाही. मरण तेच, विटाळ मात्र बाईलाच. आणि मी थेरडा शुभ!

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधायला बोलावलं. गेलो नाही. मांडवात मागं, इंदूच्या शेजारी जाऊन बसलो.