डब्यात गेलेला थेंब

माझा हात इतका स्थिर, की मी थेंब मोजायचं पिपेट धरलं की अंधेरीच्या एमआयडीसीतले ट्रकसुद्धा हळू जायचे. त्या दुपारी मात्र मी आमच्या लॅबमधला कचऱ्याचा डबा असा खडखडवत होतो, की शेजारच्या गाळ्यातला फिटर मशीन बिघडलं म्हणून धावत येईल असं वाटलं.

नळीत मुलुंडच्या एका बाईंच्या फुप्फुसातल्या गाठीचा डीएनए होता. फॉर्मवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘दुसऱ्यांदा सुई घालणं धोक्याचं.’ त्या डीएनएतले कॅन्सरशी संबंधित तुकडे तेवढे गळ टाकून पकडायचे, त्यांच्या प्रती काढायच्या आणि स्वच्छ करून वाचणाऱ्या मशीनला द्यायच्या. त्या प्रतींना आम्ही लायब्ररी म्हणतो; ती वाचून डॉक्टर कोणती गोळी द्यायची ते ठरवतात. स्वच्छ करतात चुंबकी मणी. डीएनए मण्यांना चिकटतो, वरचं पाणी फेकायचं. धुवा, फेका. पुन्हा धुवा, फेका. शेवटी मात्र उलटं, डीएनए मण्यांवरून पाण्यात उतरतो. ते पाणी ठेवायचं.

मी ते त्याच झोकात उचललं आणि पिपेटच्या टोकाच्या प्लास्टिकच्या टिपेसकट कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

डब्यात दोनेकशे टिपा असतील, मला दोन लाख दिसल्या. चिमट्याने उपसू लागलो. एकीत थेंब चमकला. गुपचूप नळीत सोडला असता, तर कोणाला कळणार होतं?

“काय झाला रे? भूत बघलंस?” मागे आमच्या सीनियर ताई, मालवणच्या.

“ताई, चुकून फेकलं. पण सापडलंय.”

“कोणाचो थेंब?”

“बाईंचाच असणार.”

“असणार? आणि सकाळच्या दुसऱ्या पेशंटचा असलो तर? त्या बाईक भलतीच गोळी देवक लावशील.”

थेंब परत डब्यात गेला. फ्रीझरमधला मूळ डीएनए मोजला. एका प्रयत्नापुरता उरला होता, बस.

“ताई, आता तुम्ही करा ना. माझ्याने नाही होणार.”

“चुकलंस तू, करतलंस तू. प्रत्येक पायरी मोठ्याने बोल.”

दोन दिवस मी शाळेतल्या पाढ्यांसारखी प्रत्येक पायरी म्हणत काम केलं. शेवटच्या पायरीला पिपेट नळीवर धरून थांबलो.

“बोल.”

“हे पाणी… ठेवायचं.”

ताईंनी डब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. पाणी नव्या नळीत उतरलं. मोजलं, पुरेसं होतं. तरी नळी फ्रीझरमध्ये जाईपर्यंत त्यांनी हात काही उचलला नाही.