कोरम नसलेली सभा

साडेअकरा वाजले तरी सातपैकी सहा सदस्यांचा पत्ता नव्हता. खुर्चीत सरपंच शांताबाई आणि कडेला प्रोसीडिंग बुक उघडून मी. शिपायाने अजेंडा घरोघर फिरवला होता, सगळ्यांनी सह्याही केल्या होत्या. सही करायची आणि फिरकायचं नाही, ही उपसरपंच अण्णांची युक्ती.

तिसगावजवळच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. नव्या कायद्याने सरपंचपद राखीव झालं आणि बौद्धवस्तीतल्या शांताबाई सरपंच झाल्या. गावाने कायदा मानला, बाईला मानलं नाही.

विषय एकच होता, वस्तीला नळ. वरून मंजुरी आली होती, फक्त आमचा ठराव हवा होता. मार्चअखेर तो गेला नाही तर काम दुसऱ्या गावाला जाणार. पण निम्मे सदस्य हजर नसतील तर सभा चालत नाही. या किमान हजेरीलाच कोरम म्हणतात.

आधीच्या दोन सभांना मी ‘रद्द’ असा शेरा मारला होता. रद्द म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ‘तहकूब’ लिहिलं असतं, तर पुढच्या सभेला कोरम लागलाच नसता. हा नियम मला पाठ होता. पण अण्णा म्हणाले होते, “रद्द लिवा भाऊसाहेब, कशाला डोक्याला ताप?” मी राहत होतो अण्णांच्याच खोलीत. बायको-मुलं नगरला. गावात माझ्याशी बोलणारे तेवढे एकच.

“आजबी कुनी न्हाई,” शांताबाई म्हणाल्या. “तुमी तरी येता भाऊसाहेब. तेवढंच बरं वाटतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ‘तहकूब’ लिहिलं आणि त्यांना नियम सांगितला.

“मंग माझ्या एकटीचं चालंल?”

“ठराव तुम्ही मांडा. पण त्याला अनुमोदन द्यायला आणखी एक सदस्य लागतो.”

“त्यो कुठून आनू?” त्या हसल्या.

पुढच्या सभेला पुन्हा आम्ही दोघंच. बारा वाजता दारात कौसाबाई उभ्या, हातात खुरपं. या अण्णांच्या गटातल्या सदस्य. एरवी त्यांच्या नावची सही नवराच ठोकायचा.

“लिवा माझं नाव,” त्या उभ्यानेच म्हणाल्या. “माझ्या रानात येनाऱ्या बाया हिच्या वस्तीतल्या. टँकरच्या नादात धा वाजत्यात यायला. कांदा कवा काढायचा?”

मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, पदर खोचला आणि वाकडीतिकडी का होईना, स्वतःची सही केली. चहाला मात्र थांबल्या नाहीत. शांताबाईंकडे पाहिलंही नाही.

मेमध्ये नळ आला. त्याआधीच अण्णांनी खोली रिकामी करून घेतली होती. पाठोपाठ कोपरगाव तालुक्यात बदलीही झाली. जाताना कोणी निरोप दिला नाही. शांताबाईंनाही मी न भेटताच निघालो. पहिल्याच सभेत एक शब्द बरोबर लिहिला असता तर त्यांचे दोन महिने वाचले असते, हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

नव्या गावातही सरपंच बाईच होत्या. पहिल्याच दिवशी, त्यांनी काही विचारायच्या आत, मी त्यांना तहकुबीचा नियम वाचून दाखवला.