दगडाखाली एकही किडा नाही

मित्रांनो, आज सकाळी शामरावकाकांसोबत नदीवर गळ टाकायला गेलतो. काका पाण्यातले दगड उलटून खालचे किडे गळाला लावतात.

आज वीसेक दगड उलटले, एकही किडा नाही. पुढे डोहात मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या.

"फवारणीचा पंप धुतला कोनंतरी," काका म्हणाले. "कोन असंन बे?"

काल कपाशी फवारून मीच तिथं पंप धुतला होता. "काका, मीच," मी कसंबसं बोललो.

ते चिडले नाहीत. गळ गुंडाळत एवढंच म्हणाले, "परवा माह्या घरी याच डोहातली मासोळी तूच त खाऊन गेला ना बे."

आमच्या शेतात विहीर नाही, म्हणून पंप धुवायला नदीवर जातो. तुम्ही पंप कुठं धुता? खरं सांगा.